चौथं अक्षर

मुलुंडच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा पाट्या वाचूनच छाती दडपली. कोणी ग्लोबल, कोणी युनिव्हर्सल, कोणी ग्रुप ऑफ इंडस्ट्रीज. आत डोकावलं तर एक मशीन, एक पंखा, आणि गंजिफ्रॉकवर बसलेला मालक दात कोरतोय. गाळा जितका चिंचोळा तितकं नाव लांबलचक. आमच्या तालुक्याच्या गावात दुकानावर दुकानदाराचं आडनाव असायचं आणि पुढे 'किराणा'. आत खरंच किराणा मिळायचा. इथे तसलं काही नाही.

आमची कंपनी मलमाच्या डब्यांची प्लास्टिकची झाकणं बनवायची. तिचं नाव काही मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, त्याला अर्थच नव्हता. साहेबांच्या थोरल्या मुलाच्या नावातलं पहिलं अक्षर, धाकट्याचं पहिलं, बायकोचं पहिलं, आणि चौथं माझ्या मामेबहिणीचं. सगळं जोडून वाचलं की खोकल्याचं औषध वाटायचं. त्याच्यापुढे 'इंटरनॅशनल'. आमचा माल सगळ्यात लांब गेला तो भिवंडीला.

आता साहेबांच्या घरच्या त्या लोणच्यात माझी मामेबहीण कुठून आली? तर गिरणी बंद पडल्यावर मामा साहेबांकडे लागला. साहेब आधी कुठल्याशा हापिसात हेडक्लार्क होते, मशीनचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मामाने ते मशीन चालतं केलं, पहिलं वर्षभर सुट्टी न घेता चालवलं. पार्टनर करतो असं साहेब म्हणाले होते. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, पार्टनरबिर्टनर कागदावरच्या गोष्टी. तुमची मुलगी ती माझी मुलगी. तिचं अक्षर नावात घालतो." मामाच्या डोळ्यांत पाणी. अक्षराला साहेबांना खर्च काय आला? पेंटरच्या ब्रशचा एक फटकारा.

"बाबांना वाटतं मला कंपनी मिळाली," माझी मामेबहीण मला म्हणाली होती. ती माझ्याच वयाची, टायपिंगच्या क्लासला जायची. "एका अक्षराची भाजी होत नाही रे."

"तुला काय, तुझं नाव तरी आहे," मी म्हणालो. "मला तर साहेब टेलिफोन म्हणतात."

खरंच म्हणायचे. ए टेलिफोन, चहा सांग. पॅकिंगच्या बाईला पॅकिंग, माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याला टेम्पो. मला ठेवलं होतं ते नकलांसाठी. शाळेत मी हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्लेला, इथे त्याचाच पगार. फोन एक, टेबल एक, पण इंटरनॅशनल म्हटल्यावर डिपार्टमेंटं हवीत ना. कोणी फोन केला की आधी मी गोड आवाजात बोलायचो, मग "होल्ड करा, अकाउंट्सला देतो" म्हणून रिसीव्हरवर हात ठेवायचा, मनात पाच मोजायचे आणि नाकातून बोलायचं. एक्सपोर्ट म्हणजे घोगरा आवाज आणि मधेमधे 'यू सी'. एकदा गिऱ्हाईक म्हणालं, तुमच्या अकाउंट्सवाल्याला सर्दी आहे का. मी म्हटलं, पूर्ण डिपार्टमेंटलाच आहे. साहेब समोर बसून खूश. माणसाने स्वतःलाच इतकं फसवलेलं मी पुन्हा बघितलं नाही.

मामा मात्र ते अक्षर मिरवायचा. गावाला गेला की देवळात सांगायचा, चाळीत सांगायचा. तेव्हा मामेबहिणीसाठी स्थळं बघत होते, आणि मध्यस्थाने वाकोल्याच्या एका स्थळाला सांगून टाकलं की मुलीच्या नावाने फॅक्टरी आहे. मुलगा बँकेत, स्वतःची जागा. मुलगी बघून झाली, पसंत पडली. मुलाचे वडील म्हणाले, शनिवारी फॅक्टरी बघून जातो, मग बैठक घेऊ. मामी तेव्हापासून वाकोल्याच्या दिशेलाच नमस्कार करायची.

आणि त्याच आठवड्यात साहेब घाटकोपरच्या एका आकडेवाल्या ज्योतिषाकडे जाऊन आले.

शुक्रवारी संध्याकाळी मला बोलावलं. "टेलिफोन, उद्यापासून नाव तीन अक्षरी. शेवटचं काढलं. त्याने आकडा बिघडत होता, म्हणून धंदा अडलाय." धंदा अडला होता कारण साहेबांनी प्लास्टिकचा स्वस्तातला दाणा आणला होता आणि झाकणं डब्यांवर बसतच नव्हती. पण ते कोण सांगणार? आकडा बिघडवायला चार अक्षरांपैकी नेमकं कुठलं सापडलं बघा. बायकोचं काढून दाखवायचं होतं.

मी मामाकडेच राहायचो, घरी येऊन त्याला सांगितलं. मामाने ताटावरून मान वर केली नाही. "साहेब असा करूचो नाय," म्हणाला.

"मामा, पेंटर पैसे घेऊन गेला."

"तुका नकलांशिवाय काय येता? गप जेव."

सकाळी गेलो तर पेंटर शिडीवर. चौथ्या अक्षरावर निळा रंग फासून झाला होता. मामा खाली उभा राहून बघत राहिला, मग आत गेला. मी टेबलाशीच होतो, सगळं ऐकलं.

"साहेब, आज पावणे येतत. पोरीचे."

"येऊ देत की. चहा सांगतो."

"तां अक्षर सोमवारी काढलां असतां तर..."

"मुहूर्त आजचा आहे, मिस्त्री. अहो, अक्षर काढलं म्हणजे माणूस काढला का? तुम्ही आहातच ना मशीनवर."

मामाने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, तीही दोन दिवसांची मुदत. साहेबांनी पेपर उघडला आणि पानं उलटायला लागले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर लाज कुठे असायला हवी ती जागाच मला सापडेना.

दुपारी पाहुणे आले. मुलाचे वडील एकटेच, सफारी सूट, खिशाला दोन पेनं. कुठल्याशा सरकारी कचेरीत होते आणि तिथली खुर्ची बरोबर घेऊनच चालायचे. मामेबहीणही क्लासवरून परस्पर आली, मामा नको म्हणत असताना. "माझी कंपनी मी बघायची नाही तर कोण?" म्हणाली. पाटीखाली उभी राहिली, वर बघितलं आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. बस, एवढंच.

सफारी सूटने पाटी वाचली. पुन्हा वाचली. "यात मुलीचं कुठे आहे?"

साहेब हसत बाहेर आले, हात जोडून. "शास्त्राप्रमाणे बदल केला हो. आकडा जुळत नव्हता. बाकी मुलगी आमच्या घरचीच."

मला वाटलं, गेलं स्थळ. मामाच्या चेहऱ्यावरही तेच. पण सफारी सूट खूश झाला. दोन शहाणे भेटले.

"बरोबर केलंत," तो म्हणाला. "नावाचं बघावंच लागतं. आम्ही पण बघतो. लग्नात मुलीचं नाव बदलणार आहोत, आमच्या घरात थोरल्या सुनेचं नाव ठरलेलंच असतं. माझ्या आजीचं तेच, आईचं तेच, मिसेसचं तेच."

"म्हणजे घरात हाक मारली की दोघी येतात?" मामेबहिणीने विचारलं.

"आई गेल्या आता," तो म्हणाला. "जागा रिकामीच आहे."

जागा रिकामी. जसं काय शिपाई रिटायर झाला आणि बदली माणूस हवाय. ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात, आमच्याकडेही कित्येक घरांत लिहितात, मी मेजवान्या झोडल्यात तिथे. पण रिकामी जागा भरायला लिहितात, हे पहिल्यांदा ऐकलं. मामेबहिणीकडे बघूनच मला कळलं. ती हो म्हणणार होती. बँकेतला मुलगा, स्वतःची जागा, आणि बापाची मान आधीच खाली गेलेली.

सफारी सूटने विचारलं, "मग बैठक कधी घ्यायची?"

मामाने हात पुसायचं फडकं खांद्यावरून काढलं, हात पुसले, घडी केली. मग म्हणाला, "नाय जमूचा."

"काय जमणार नाही?"

"आमचा चेडू आसा त्या नावान जातला. नायतर जावचा नाय."

साहेब मधे पडले. "मिस्त्री, एका नावावरून काय अडवताय? चांगलं स्थळ आहे."

"तुमी बोलू नका," मामा म्हणाला. आवाज न चढवता. साहेबांना उभ्या जन्मात कोणी असं बोललं नसावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मी आता कुठल्या तरी डिपार्टमेंटच्या आवाजात हे सावरून घेईन. मी फोनची वायर सरळ करत बसलो.

सफारी सूट गेला. चहा तसाच राहिला, तो पेंटरने प्यायला.

घरी मामीने कळल्यावर कपाळावर हात मारून घेतला. "नावाक काय चाटूचा हा? बँकेतलो झील घालवलास. आता लोकांका काय सांगू?" मामा जेवायला बसला तेव्हा मामेबहिणीने त्याच्या ताटात बांगड्याची दुसरी तुकडी वाढली. तिचीच होती ती, आम्ही सगळ्यांनी बघितलं.

"तू खा," मामा म्हणाला, आणि तिला तिच्या पुऱ्या नावाने हाक मारली. घरात तिला सगळे बाय म्हणायचे, तोही.

"हां, बाबा," ती म्हणाली आणि तुकडी काही परत घेतली नाही.