आश्रुबाचा विहिरीवरचा पहारा

पिंगळीचा आश्रुबा विहिरींत बुडालेल्या बादल्या काढून द्यायचा. शहाऐंशी साली तो परभणीच्या टॉकीजमध्ये समुद्रातल्या माणसं खाणाऱ्या माशाचा इंग्रजी सिनेमा पाहून आला आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्यात उतरेना.

गोविंदराव गुरुजींनी समजावलं, "अरे, तो मासा समुद्रात राहतो. समुद्र कुठं, पिंगळी कुठं!"

"गुरुजी, आपली गंगा, गोदावरी, समुद्राला मिळती, हे तुमीच शिकवलं ना? अन् गंगेचंच पाणी कालव्यानं आपल्याकडं येतंय."

त्या दिवसापासून गुरुजींनीही पोहायला जाणं बंद केलं.

शेवटी आश्रुबाची बायको बायनाबाई कासोटा घालून विहिरीत उतरली. काठावर आश्रुबा पहार उगारून ओरडत होता, "बायने, पाय वर घे! लय वंगाळ जनावर हाय!"

"पाय वर घेऊन बुडू का?" ती खालून म्हणाली आणि बादली घेऊन वर आली.

पुढं तसंच चालू राहिलं. ती बुडी मारायची, तो पहारा द्यायचा. आठ वर्षांत गावातल्या एकाही विहिरीकडं तसला मासा फिरकला नाही. आश्रुबा ती स्वतःची कर्तबगारी समजायचा, आणि गुरुजीही मान डोलवायचे.