मोटरला वार कळत नाहीत

“परत बंद पडली,” वझे गुरुजी म्हणाले आणि फोल्ड केलेली सायकल माझ्या टेबलाला टेकवून उभे राहिले.

ही चौथी वेळ. गुरुवार होता, आणि पुढच्या बुधवारी गणेश चतुर्थी. मी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

लालबागला एका जुन्या गाळ्यात माझं इलेक्ट्रिक सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी बावीस वर्षं मी वरळीच्या एका कंपनीत टीव्हीचे सर्किट बोर्ड दुरुस्त करत होते. कंपनी बंद झाली, हातातली कला तेवढी राहिली. दुकानात येणारा नवा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागे बघतो आणि विचारतो, “मेकॅनिक कुठेयत?” मी म्हणते, “तुमच्यासमोर बसलेयत. बोला.” वझे गुरुजींनी असं काही विचारलं नव्हतं. पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाले होते, “बाई, गुडघा गेलाय आणि यजमान जायच्या बेतात आहेत. काही करता येईल का?” मला माणूस तिथेच आवडला.

गुरुजी ठाकूरद्वारला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय चौसष्ट. गिरगावपासून परळपर्यंतची घरं त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. चतुर्थीला एका घरी गणपती बसवायचा, पूजा सांगायची, की लगेच पुढचं घर. पूर्वी ते चालत जायचे, मग टॅक्सीने जायला लागले. पण त्या दिवशी लालबाग-परळमध्ये टॅक्सी शिरते कुठे? गेल्या वर्षी शेवटच्या घरी, परळच्या करंबेळकरांकडे, पोचायला साडेतीन वाजले. घरातल्या आजी सकाळपासून उपाशी, नैवेद्य गारढोण. मुलगा तोंडावर म्हणाला, “गुरुजी, राग मानू नका, पण परत असं झालं तर आम्ही मोबाईलवर पूजा लावू.” इतर तीन घरांनी तर न सांगताच सोडलं. आता बाराच उरली होती.

म्हणून ही फोल्डिंग सायकल. बॅटरीवर चालते, लायसन लागत नाही, गल्लीबोळातून जाते आणि यजमानांच्या दारात घडी करून कोपऱ्यात उभी राहते. चाळीतही जिन्याखाली मावते. बॅटरी तेवढी काढून वर न्यायची आणि घरी चार्ज करायची.

पण बाजारातली गाडी जशीच्या तशी गुरुजींच्या कामाची नव्हती. सोवळं चेनमध्ये अडकलं असतं, म्हणून मी चेनला पत्र्याचं पूर्ण झाकण करून घेतलं. पूजेच्या सामानाचा डबा बसेल असं मागचं कॅरियर केलं. हौसेने चांगलं चामड्याचं सीट लावलं, तर गुरुजी त्यावर बसेचनात. “चामडं सोवळ्यात चालत नाही हो,” म्हणाले, अगदी माझा अपमान होऊ नये अशा बेताने. काढलं, रेक्झिनचं लावलं. मुख्य काम थ्रॉटलचं होतं. कंपनीच्या गाडीत पेडल मारलं की मगच मोटर मदतीला येते. गुरुजींचा गुडघा ते पहिलं पेडलच मारू देत नव्हता. म्हणून अंगठ्याने दाबायचं थ्रॉटल मी वेगळं बसवलं. त्यासाठी हँडलच्या दांड्यातल्या सगळ्या वायरी कापून तळाशी एक नवा कनेक्टर टाकला. कनेक्टर म्हणजे वायरी जोडायचा-सोडायचा प्लग. ब्रेकच्या वायरीही त्यातूनच गेल्या. हे लक्षात ठेवा.

डिलिव्हरीच्या दिवशी गुरुजींना सगळं नीट समजावलं. हवा दर आठवड्याला बघा, बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका, मेंटेनन्स चुकवू नका. मग त्यांना टाटा करून पाठवलं.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. मोटर मध्येच बंद पडते, चिंचपोकळीच्या पुलाच्या चढावर गाडी उतरून ढकलावी लागली. श्रावण सुरू होता. म्हटलं, पाणी गेलं असणार. गाडी आणा, बघते. गुरुजी गुरुवारी आले. शनिवार-रविवार लोकांना सुट्टी, म्हणून सत्यनारायण तेव्हाच असतात, त्यामुळे त्यांना गुरुवारच मोकळा. मी गाडी स्टँडला लावली, मोटर फिरवली. मस्त फिरली. नळीने गाडीवर पाणी मारलं. तरी फिरली. काहीच दोष सापडला नाही.

दुसऱ्या वेळी कंट्रोलर बदलला. कंट्रोलर म्हणजे मोटरला कधी पळ, कधी थांब सांगणारा डबा. तिसऱ्या वेळी बॅटरीची सगळी कनेक्शनं नवीन केली. गुरुवारी गाडी घोड्यासारखी पळायची आणि शनिवारी मान टाकायची.

“शनिवार-रविवारी अगदीच बंद,” गुरुजी म्हणाले होते. “सोमवारी खोकत खोकत चालते. मंगळवारनंतर काही त्रास नाही.”

“गुरुजी, मोटरला वार कळत नाहीत,” मी म्हणाले. भारी बोलले असं वाटलं होतं मला तेव्हा.

तर आता चौथी वेळ. मी नेहमीप्रमाणे हँडलवरची लिंबू-मिरची काढून खिळ्याला अडकवली, गाडी उघडून स्टँडला लावली, थ्रॉटल दाबलं. मोटर सुरू. माझं डोकंच फिरलं.

“गुरुजी, खरं खरं सांगा. गाडी धुता का?”

“ओल्या फडक्याने पुसतो फक्त.”

“पूजा करता गाडीची? दूध, पंचामृत, अभिषेक?”

“अहो, सायकलला कोण अभिषेक घालतं?”

“तुम्ही घालाल. तुमचा धंदाच आहे तो.”

 गुरुजींनी उपरण्याने चष्मा पुसला. “आम्ही त्याला धंदा म्हणत नाही,” एवढंच म्हणाले. मग चष्मा लावत, “बुधवारी बारा घरं आहेत, परबबाई. यंदा करंबेळकरांना मी साडेबाराची वेळ दिलीय. तुमच्या भरवशावर दिलीय.”

ते गेल्यावर मी जॉब कार्डवर लिहिलं, ‘पाणी गेलं. ग्राहकाचा निष्काळजीपणा.’ पुरावा काही नव्हता. राग होता, तो लिहिला.

शुक्रवारी गाडी स्वतः चालवली. लालबाग ते भायखळा, परत लालबाग, पूल दोनदा चढले. एकदाही बंद पडली नाही. शनिवारी सकाळी गुरुजी गाडी घेऊन गेले. रविवारी नऊ वाजता फोन.

“पडली?”

“पडली. जिन्याखाली फोल्ड करून ठेवलीय.”

“हात लावू नका. मी येते.”

ठाकूरद्वारला पोचले तेव्हा गुरुजी गाडीजवळ स्टूल टाकून बसले होते, आजारी माणसाजवळ बसावं तसे. गाडी उघडून दाखवा म्हटलं. त्यांनी सराईतपणे उघडली, बॅटरी चालू केली. थ्रॉटल दाबलं, काही नाही. मी डिस्प्लेवर वाकले. कोपऱ्यात एक बारीक चिन्ह पेटलं होतं. ब्रेक दाबल्याचं चिन्ह. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद होते, ती सोय सगळ्या गाड्यांना असते. पण ब्रेकला तर कोणाचाच हात नव्हता.

“गुरुजी, हे चिन्ह कधी दिसलं नाही तुम्हाला?”

“माझा चष्मा वाचायचा. गाडी चालवताना काढून ठेवतो.”

बरं. म्हणजे ब्रेकच्या दोन वायरी कुठेतरी ओल्या होऊन एकमेकींशी बोलत होत्या. पण कुठे? बाहेर तर कडक ऊन होतं.

“आता परत फोल्ड करा,” मी म्हणाले. “रोज करता तशीच.”

गुरुजींनी मधली खिट्टी काढली, गाडी दुमडली आणि हँडलचा दांडा खाली पाडला. हँडलला काल बांधलेली ताजी लिंबू-मिरची होती. दांडा खाली आला, ती फ्रेम आणि दांड्याच्या मध्ये आली, आणि गुरुजींनी घडी घट्ट बसावी म्हणून तळहाताने एक दाब दिला. सुईने आधीच भोसकलेलं लिंबू ते. रसाचा एक ओघळ दांड्यावरून सरसर खाली गेला, सरळ माझ्या नव्या कनेक्टरमध्ये. गाडी उघडी असताना तो कनेक्टर दांड्याच्या आत झाकलेला असतो. फोल्ड केली की तोंड वर करून बाहेर येतो. फोल्ड केलेली गाडी पावसात कोण ठेवतं? म्हणून मी विचारच केला नव्हता. आणि माझ्या स्टँडवर गाडी कायम उघडीच असायची, लिंबू खिळ्याला.

मी बोट लावून जिभेला लावलं. आंबट.

“गुरुजी, हे कोण बांधतं?”

“पहिलं तुम्हीच बांधून दिलंत.”

दिलं होतं. आमच्या दुकानातून प्रत्येक गाडी लिंबू-मिरची बांधूनच जाते. “नव्या गाडयेक दिष्ट लागता गो,” असं म्हणून सासूबाईंनी पहिल्या गाडीला बांधली, तेव्हापासूनची रीत.

“आणि नंतरची?”

“दर शनिवारी नाक्यावरून नवीन घेतो. तुम्हीच सांगितलंत ना, शनिवारी बदलत जा.”

सांगितलंच असणार. सगळ्यांना सांगते, सवयीने.

“पण तुमचा विश्वास आहे यावर?”

गुरुजी जरा संकोचले. “शास्त्रात कुठे नाही हो हे. पण तुम्ही हवेचं सांगितलंत, बॅटरीचं सांगितलंत, त्यातच हेही सांगितलंत. मला वाटलं मेंटेनन्समध्येच येतं. गाडीतलं मला काय कळतंय? एकही शनिवार चुकवला नाही मी.”

मी त्या जिन्याच्या पायरीवर बसलेच. चार गुरुवार मी या माणसाची उलटतपासणी घेतली. गाडीवर काय काय ओतता म्हणून विचारलं. त्याचा अपमान केला. आणि तो बिचारा माझ्या शब्दाखातर, स्वतःचा विश्वास नसताना, दर शनिवारी पदरमोड करून माझीच चूक गाडीला नव्याने बांधत होता.

“गुरुजी, त्या दिवशी मी धंदा म्हणाले. माझं चुकलं. कनेक्टरही मीच चुकीच्या जागी टाकला, लिंबूही मीच बांधलं. तुमचं काहीएक चुकलं नाही.”

“अहो, असू दे,” ते म्हणाले. मग हळूच, “बुधवारपर्यंत होईल ना?”

तिथेच हँडलची लिंबू-मिरची सोडली आणि गाडी टॅक्सीत घालून दुकानात आणली. कनेक्टर उघडला तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. लिंबाच्या रसातून करंट थोडा थोडा वाहतो. रस ताजा असला की कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलाय. मंगळवारपर्यंत लिंबू पिळून कोरडं व्हायचं, रस वाळायचा, गाडी सुधारायची. गुरुवारी माझ्यासमोर शहाण्यासारखी उभी. मी तो कनेक्टर कापून फेकला. वायरी सरळ सोल्डर केल्या, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवून गरम करून घट्ट बसवली आणि सगळा जोड दांड्याच्या आत खोल ढकलला.

सोमवारी टेस्ट. गाडी फोल्ड केली, चार लिंबं आणली, अर्धी केली आणि त्या जोडावर पिळली. सासूबाई दुकानात डबा घेऊन आल्या होत्या. बघत राहिल्या.

“सरबत करतंस काय?”

मी सगळी कथा सांगितली. त्यांनी ऐकली आणि फणकाऱ्याने म्हणाल्या, “माका काय ठावक, तुझी गाडी आंबट खाता म्हणान!”

मोटर फिरली. दहा वेळा फोल्ड केली, दहा वेळा उघडली. दहाही वेळा फिरली. संध्याकाळी गुरुजी गाडी घेऊन गेले. मी जॉब कार्ड काढलं, ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ खोडलं आणि तिथे लिहिलं, ‘मेकॅनिकचा.’

बुधवारी आमच्याही घरी गणपती. हात उकडीत, डोळा घड्याळावर. गुरुजी पहाटे पाचला पहिल्या घरी बसणार होते. दहा वाजले, फोन नाही. अकरा वाजले, फोन नाही. फोन येऊ नये असंही वाटत होतं आणि यावा असंही. बाहेर ढोल-ताशे इतके की मोटर बंद पडली असती तरी गुरुजींचा आवाज मला ऐकू आला नसता.

एकला पाच कमी असताना फोन वाजला. माझे हात भरलेले, सासूबाईंनी स्पीकरवर धरला.

“परबबाई, बारावं घर झालं,” गुरुजी म्हणाले. धाप लागली होती. “करंबेळकरांकडूनच बोलतोय. साडेबाराच्या आत पोचलो. नैवेद्य गरम होता. आजी पहिल्या पंगतीला बसल्यात.” मग जरा थांबून, “मुलगा विचारत होता, पुढच्या वर्षी अकरा वाजता जमेल का.”

मला रडूच फुटलं. हाताला उकड होती, डोळेही पुसता येईनात.

“काय गो झाला?” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पदराने माझे डोळे पुसले.

आता ग्राहक म्हणाला की गाडी अमक्या वारी बिघडते, तर मी आधी वार लिहून घेते आणि मग स्क्रू-ड्रायव्हर उचलते. लिंबू-मिरची दुकानात अजून आहे. दर शनिवारी नवीन बांधतो, पण दुकानाच्या दाराला. तिथे वायरिंग नाही.