अकरा पिढ्यांचा हेवा

शेजारच्या सुलभाताईंनी दिवाणखान्यात अकरा पिढ्यांची वंशावळ फ्रेम करून लावली. वर्षाची फी भरून एका संकेतस्थळावरून जमवलेली. "छान झालीय हो," मी म्हटलं, पण चहा गोड लागेना. एकाच घराला एवढे पूर्वज कशाला हवेत, असं वाटलं.

घरी येऊन मी त्याच संकेतस्थळावर आठवडाभराचं फुकट खातं उघडलं. वडील, आजोबा भरले आणि आजोबांच्या आईपाशी अडले. आत्याला फोन लावला.

"सासरचं नाव रखमा," आत्या म्हणाली. "माहेरचं कुणी विचारलंच नाही गं."

जे कुणी कधी लिहिलंच नाही, ते फी भरून तरी कुठून सापडणार? मी खातं बंद केलं. हेवा मात्र गेला नाही. सुलभाताईंच्या घरात कुणीतरी वेळेवर विचारून ठेवलं होतं, याचा तो होता.

आत्याला वडील अक्का म्हणत, सासरी ती मालती. संध्याकाळी मी पुन्हा फोन केला.

"आत्या, तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं?"



"चंपा," ती म्हणाली. मग त्या नावाने तिला कोण कोण हाक मारायचं, ते सांगत बसली. मी वही ओढली आणि लिहू लागले.