दोन पावसाळ्यांची रायफल

सयाजी हवालदार फौजेत बंदुका दुरुस्त करायच्या कामावर होता. सगळ्या नोकरीत त्यानं शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. पण इतरांनी झाडलेल्या गोळ्या आपल्यामुळंच सरळ गेल्या, असं तो सांगे, आणि ते खोटं ठरवायला शत्रूपैकी कोणी पाटणच्या बाजूला कधी फिरकलं नव्हतं.

पेन्शनीवर गावी आला, तेव्हा डोंगराकडच्या उसात रानडुकरं शिरायला लागली होती. शिकारीला कायद्यानं बंदी, त्यामुळं परवान्यावर ‘शेतसंरक्षण’ लिहिलेलं असे आणि साताऱ्याच्या दुकानात जाऊन माणूस शिकारीची स्वस्तातली स्वस्त रायफल मागे. जाताना सयाजीला गाडीत घालून नेई, मुलगी बघायला वडीलधारं माणूस न्यावं तसं. सयाजी नळी उजेडाकडं धरून एक डोळा मिटे, गोळी आत सारायचा बोल्ट मागंपुढं करून कान देई, आणि शेवटी दस्त्यावर टिचकी मारी. दस्त्याचा जो बारीक भाग मुठीत येतो त्याला तो मनगट म्हणे. “माल सगळा मनगटात कळतो,” तो म्हणे. “लाकूड कच्चं आसंल तर हितंच चिरनार.” मोबदल्यात त्याला एक चहा आणि शेवटचा शब्द लागे. चहा एखाद्या वेळी राहिला तरी चाले.

हे सगळं आप्पासोनं बिघडवलं.

आप्पासो माणदेशातला. त्याचा बाप मेंढरं घेऊन दरसाल या बाजूला उतरायचा. आप्पासोनं मेंढरं कमी करून सयाजीच्या बांधाला लागून वावर घेतलं, आणि पुढं रायफल घेतली, तीही सयाजीला न विचारता. घरी आणल्यावर मात्र दाखवायला आला. सयाजीनं चावडीसमोर, दहा माणसांत, टिचकी मारली.

“दोन पावसाळं,” तो म्हणाला. “तिसरा बगत न्हाई ही. मनगटाला चिरनार.”

“बगू की, हवालदार,” आप्पासो म्हणाला आणि रायफल घोंगडीत गुंडाळून निघून गेला.

दोन पावसाळे झाले. तिसराही झाला. दहावा झाला तरी रायफल आप्पासोच्या भिंतीवरच. रात्री त्याच्या वावरातून बार ऐकू आला की सयाजी अंथरुणात उठून बसे. “आवाज ऐकलास? फाटका हाय. नळी गेली तिची.” त्याची बायको मनुबाई कूस बदलून म्हणे, “दुसऱ्याच्या बंदुकीची तब्येत बगत बसा. सोत्ताच्या गुडघ्याला तेल लावायचं न्हाई.”

गावाला हे ठाऊक होतं. आप्पासोची रायफल हा सयाजीचा दुखरा दात होता आणि येणारा-जाणारा त्याला जीभ लावून जाई. हळूहळू लोक साताऱ्याला जाताना आप्पासोला न्यायला लागले. आप्पासो दुकानात काहीच बोलत नसे, नुसता मान हलवी. त्या मान हलवण्याला लोक अनुभव म्हणत.

तसं बघितलं तर इथल्या बंदुका डुकरांपेक्षा निवडणुकांनीच जास्त झिजतात. आचारसंहिता लागली की सगळी परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा होतात आणि निकालापर्यंत ओल धरलेल्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहतात. त्या साली लोकसभेनंतर ती परत मिळाली, तेव्हा सयाजीच्या स्वतःच्या दुनळी बंदुकीवर गंजाचे ठिपके होते. दुनळी भारीतली, त्यानं स्वतः पारखलेली. शेजारी आप्पासोनं आपल्या रायफलीचं बोचकं सोडलं. त्याची बायको हरणाबाई ती न धुतलेल्या लोकरीत बांधून द्यायची. लोकरीचा मेणचटपणा लोखंडाला लागून नळी लोण्यासारखी चकाकत होती.

“रायफल हाय का मेंढी, रं?” सयाजी म्हणाला.

“मेंढीच म्हना. ठिपकं तेवढं न्हाईत तिला,” आप्पासो म्हणाला. ठाण्यातला हवालदारसुद्धा हसला. त्या हसण्यानं सयाजीला घरापर्यंत सोबत केली.

दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात आप्पासो रायफल घेऊन सयाजीच्या दारात उभा राहिला.

“बोल्ट जड चालतोया. आमी दोन दिस दहिवडीला निगालोय, पावन्यांत. तवर जरा साफ करून ठेवा. तुमच्याबिगर कुनाच्या हातात द्यायाची?”

हे कायद्यात बसतं का, हे दोघांनीही विचारलं नाही. सयाजीला त्यात फक्त टोमणा ऐकू आला: बघ, अजून धडधाकट आहे, हात लावून बघ.

त्यानं ओसरीवर पोतं अंथरलं. नळीतून पाहिलं, आत आरसा. दहा वर्षं बार काढणाऱ्या रायफलीची नळी अशी असते? बोल्टही फारसा जड नव्हता. मग सवयीनं मनगटावर टिचकी मारली.

आवाज बद्द आला.

सयाजीनं चष्मा लावला. लोकरीचा मळ नखानं खरवडला. मनगटाच्या खालच्या अंगाला केसाएवढी चीर होती, बरोब्बर जिथं तो म्हणाला होता तिथं. लग्नानंतर एवढा आनंद त्याला झाला नव्हता, आणि लग्नात झाला होता की नाही हेही आता आठवत नव्हतं. पायात चपला घालून तो चावडीकडं निघाला आणि बांधापर्यंत जाऊन थांबला.

दोन दिवस रायफल कोणाकडं होती? सयाजीकडं. चीर कोणाला सापडली? सयाजीला. दहा वर्षं ती मोडावी म्हणून कोण टपून होतं, हे तर शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. उद्या न सांगता तशीच परत केली आणि मोडली, तरी नाव त्याचंच. खरा ठरायला त्यानं दहा वर्षं वाट पाहिली होती, आणि त्या वाट पाहण्यानंच त्याला साक्षीतून बाद केलं होतं.

तो परत आला. दोन ट्यूबमधला, कालवून लावायचा गोंद चिरेत भरला, आतून पितळेचा बारीक खिळा बसवला, सुतळीनं आवळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी घासून गुळगुळीत केलं. जोड पांढुरका दिसत होता, म्हणून मनुबाईच्या पानाच्या डब्यातला कात उगाळून रंग दिला. काम इतकं सुरेख झालं की त्याला स्वतःचाच राग आला.

“माजा कात कुटं गेला?” मनुबाई दारात उभी होती. तिनं रायफल बघितली, कात बघितला, नवरा बघितला. “आगं बया! सवतीची येनी घालताय व्हय?”

खंडेनवमीला माजी सैनिकांच्या हॉलमध्ये गावची हत्यारं पूजेला मांडली. गावातल्या उदयसिंहाचा ऊस त्या साली डुकरांनी आडवा केला होता. बंदुकीचा परवाना नुकताच त्याच्या हातात आला होता. त्यानं सगळ्यांदेखत आप्पासोची रायफल उचलली आणि सयाजीची नक्कल करत मनगटावर टिचकी मारली. खणखणीत.

“काय हवालदार, दोन पावसाळं म्हनला हुता न्हवं?”

हॉल हसला.

“आता न्हाई चिरायची,” सयाजी म्हणाला. एवढं खरं बोलणं त्याला परवडत होतं.

“मग ठरलं. सोमवारी साताऱ्याला जाऊन असलीच घ्यायची. आप्पासो, तुमी चला संगट.”

सयाजी हळदीकुंकवाचं बोट धोतराला पुसून घरी आला.

दिवेलागणीला आप्पासो आणि हरणाबाई आले. हरणाबाईनं कनवटीचा कागदी पुडा सोडून मनुबाईपुढं ठेवला. “वैनी, कात आनलाय. तुमचा सपला आसंल.”

सयाजीनं पुडा उघडून हुंगला आणि तो आप्पासोकडं वळला. “तुला म्हाईत हुतं.”

“लोकरीला कात लागला, तवा तुमी काय केलं ते कळलं. चिरीचं आदीपासनंच म्हाईत हुतं. औंदा ठान्यात कुनीतरी आपटली, जास्त फाकली. नवमीला समदी हातात घेत्यात.” आप्पासो खाली बघून बोलत होता. “तुमच्या हातात दिली तर तुमी ती मोडू द्यायचा न्हाई. मोडली तर बिल तुमच्याच नावावर.”

“आदीपासनं म्हंजे कवापासनं?”

आप्पासोनं पाहुणचाराची सुपारी उचलली, परत ठेवली. “दुसऱ्या पावसाळ्यापासनं.”

“आन् त्ये रातचं बार?”

“सुतळी बाँब. डुकराला काय कळतंय?”

“मग सांगितलं का न्हाईस, मर्दा? दहा वर्सं!”

“तुमी खरं ठरला असता की,” आप्पासो म्हणाला. “ते मला बगवलं नसतं.”

मनुबाईला हसू आवरेना. सयाजी हसला नाही. दहा वर्षं आपण एकटेच जळत होतो असं त्याला वाटत होतं. आता त्यातही वाटेकरी निघाला.

“सोमवारी तुमीच जावा,” आप्पासो उठताना म्हणाला. “मला दुकानात लय अवघड हुतंया.”

सोमवारी सयाजी उदयसिंहाच्या गाडीत पुढं बसून साताऱ्याला गेला. नळी उजेडाकडं धरली, बोल्टला कान दिला, मनगटावर टिचकी मारली. आवाज ओळखीचा होता, दहा वर्षांपूर्वी चावडीसमोर ऐकलेला.

“दोन पावसाळं,” तो म्हणाला.

उदयसिंह खूश झाला. “हवालदाराचं दोन पावसाळं म्हंजे आपली दहा वर्सं! बांधा, बांधा.”

दुकानदारानं रायफल बांधली. परतताना सयाजीनं पोवई नाक्यावर गाडी थांबवायला लावली आणि कात घेतला. थोडा जास्तच घेतला.