शिकलगार सर आणि मेलेले जंतू

सांगलीच्या कॉलेजात शिकलगार सरांसमोर पहिल्यांदा उभी राहिले आणि एका दमात पीएच.डी.चा विषय सांगितला: मॅग्नेटिक पोरस नॅनोकॉम्पोझिट. म्हसवडकडच्या मेंढपाळाच्या घरातली पहिली पदवीधर मी; एवढा लांबलचक शब्द न अडखळता म्हटला, त्याचा अभिमान तोंडावर दिसणारच. सर म्हणाले, "पाठांतर झ्याक हाय. आता बाजारात इकायला बसल्यागत सांग."

मग सांगितलं. लोखंडाची सच्छिद्र भुकटी, छिद्रांत चांदीचे कण. पाण्यातले जंतू मारते, रासायनिक क्रिया लवकर उरकून देते, आणि काम झालं की लोहचुंबकानं ओढून परत घेता येते.

"क्रिया उरकती आन् आपण हाय तशीच ऱ्हाती? म्हंजी लग्न जुळवणारा मध्यस्थच की. ये उद्यापासनं."

सरांचे वाडवडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावत. "मी शिकलो, म्हणून जिभेला लावतो," असं तेच सांगायचे. विभागात त्याचा प्रत्यय सगळ्यांना होता, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत.

पुढं जंतू वाढवलेल्या काचेच्या पेट्री डिशमध्ये माझ्या भुकटीभोवती चांगलं रुपयाएवढं स्वच्छ कडं उमटलं. तेवढ्या जागेत एकही जंतू जगला नव्हता. प्राचार्यांना इतका आनंद झाला, की भुकटी न बघताच त्यांनी सत्कार ठरवला. मी अण्णांना, माझ्या वडलांना, बोलावून घेतलं.

सरांनी एवढंच विचारलं, "भुकटी धुतलीस न्हवं?"

"धुतली, सर."

"मग त्या धुण्याचं पाणीबी डिशमध्ये टाकून बघ."

सत्काराच्या सकाळी डिश उघडली. नुसत्या पाण्याभोवतीही तसंच कडं. भुकटी बनवताना वापरलेला अमोनिया नीट धुतला गेला नव्हता. जंतू त्यानंच मेले होते.

"खून अमोनियानं केला," सर म्हणाले, "आन् हार तुझ्या गळ्यात?"

प्राचार्य म्हणाले, "कार्यक्रम होऊ द्या, दुरुस्ती नंतर करू."

"व्हय, आदी बारसं उरकू. मूल काय, हुईल सावकाश."

कार्यक्रम रद्द झाला. अण्णा नवा फेटा बांधून फाटकात उभे. सर स्वतः गेले. "पावणं, सत्कार मी मोडला. पोरीवर नगा चिडू, माझ्यावर चिडा."

"आवं सर, गावात पेढं वाटलं की वो."

"ग्वाड हुतं न्हवं? मग झालं."

पुढचे कित्येक दिवस मी भुकटी धूत होते. चुंबक भांड्याला लावायचा, भुकटी धरून ठेवायची, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा. शेवटी धुण्याच्या पाण्यानं एकही जंतू मरेना. भुकटीभोवती मात्र दोऱ्याएवढं कडं आलं. मला रडू फुटलं. सरांनी डिश खिडकीशी धरली. "बारीक हाय. पर हे आपलं हाय."

त्याच दोऱ्यावर मी डॉक्टर झाले. आता साताऱ्यात शिकवते.

सर गेले, तेव्हा शोकसभेत प्राचार्यांनी सांगितलं, की सरांच्या भुकटीपुढं जगातला एकही जंतू टिकत नव्हता. सभा हळहळली. मी उठून प्राचार्यांना म्हणाले, "बारीक कडं आलं होतं, सर. तेवढंच म्हणा."