तांडेलांच्या गावात एक मडावी

"भरती तुझ्या मशिनसाठी थांबेल काय रे?" खिडकीतून एका तांडेलांनी विचारलं. त्यांच्यामागे रांग वाढत होती. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता आणि चिठ्ठी काही निघत नव्हती.

डहाणूच्या किनाऱ्यावरची ही मच्छीमार सोसायटी. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. होडी समुद्रात जायच्या आधी मालक इथून बर्फाची चिठ्ठी घ्यायचा. कारकून नामदेवभाय त्याची मागची उचल बघून ती द्यायचे. हे काम कंप्युटरवर आणायला साहेबांनी मला वापीहून पाठवलं होतं. विकतचा डेटाबेस सोसायटीला झेपणारा नव्हता, म्हणून मी लिनक्सवर फुकट मिळणारा बसवला. त्याचा सोर्स कोड कोणीही उघडून बघावा. पण अडलं तर विचारायचं कोणाला? इन्स्टॉल करतानाच दोनदा लाइट गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

मी नववीत शाळा सोडलेला, गडचिरोलीकडचा. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून साहेबांनी मला उचललं आणि हे काम शिकवलं. त्यांचे उपकार विसरण्यासारखे नाहीत. त्यामुळेच भीतीही जास्त वाटायची.

सोसायटीत मला सगळे 'कंप्युटरवाला' म्हणायचे. आठवडे जायचे, पण माझं नाव कोणाच्या तोंडून ऐकू यायचं नाही. टेस्टसाठी एखादं नाव लागतं, तर मी माझंच घातलं. एंटर दाबला की पडद्यावर मडावी हजर! बरं वाटायचं.

एसटीडी बूथवरून साहेबांना फोन केला.

"टेस्ट केलं होतंस ना?"

"केलं होतं साहेब. पटकन यायचं."

"मग आता काय झालं? आज नाही जमलं तर मशीन उचलून आण. तुझं काय करायचं ते मग बघू."

परत येऊन बसलो. मेमरी पाहिली, ठीक होती. डिस्कचा लाल दिवा मात्र विझतच नव्हता. म्हणजे एका नावासाठी डेटाबेस ढीगभर नोंदी वाचत होता. असं होऊ नये म्हणून इंडेक्स असतो. पुस्तकाच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते देतात, तसाच. मी तो आडनावावर केला होता.

नामदेवभायनी चहा पुढे सरकवला. "बिघडलाय काय?"

"नाही हो, हे बघा." मी माझं नाव टाकलं. लगेच आलं.

"तुझं बरं निघतं!" ते हसले. "तुला काय, ना होडी ना भाऊबंद. आमची गंमत बघ." खिडकीतून डोकं बाहेर काढून ते ओरडले, "ओ तांडेल!"

अख्खी रांग वळली.

माझा चहा तसाच राहिला. ज्या पुस्तकात पानोपानी एकच शब्द आहे, तिथे तो शब्द शोधून काय मिळणार? इथे सगळ्यांचं आडनाव तांडेलच, म्हणून रांगेतल्या प्रत्येकासाठी डेटाबेस जवळजवळ सगळ्या गावाच्या नोंदी उलथत होता.

"नामदेवभाय, थोडा वेळ हातानं लिहून द्या."

"लिहितो की. इतकी वर्षं काय करत होतो?"

जुना इंडेक्स काढला. नवा केला तो आधी माणसाचं नाव, मग बापाचं, आडनाव शेवटी. नामदेवभायनी पुढचं नाव टाकलं. लाल दिवा एकदाच लुकलुकला आणि प्रिंटर करकरला. पाणी चढायच्या आत रांग संपली.

साहेबांना कळवलं. "बरं," ते म्हणाले. "उद्या तलासरीला जा. तिथे उधवा गावात एक मशीन बसवायचंय." हातातला रिसीव्हर ठेवताना डोळे भरून आले. बूथवाला बघत होता, म्हणून मी सुट्टे शोधत राहिलो.

निघण्याआधी टेस्टची माझी नोंद डिलीट केली. आमच्या गावी मडावी म्हणून हाक मारली तर निम्मं गाव वळतं. इथे मी चटकन सापडायचो, कारण दुसरा मडावी नव्हताच.

तेव्हापासून टेस्टला मी माझं नाव घालत नाही. परक्या गावात तर नाहीच.