शोनागची जीप माळावर का थांबायची

शोनागच्या जीपमध्ये काय बिघडलंय हे आमच्या गावात प्रत्येकाला माहीत होतं, फक्त प्रत्येकाचं वेगळं होतं. पोस्टमन म्हणे कॉइल. दुकानदार म्हणे कार्बोरेटर. मी म्हणे पेट्रोल संपत असणार, दुसरं काय! त्यावर सगळे हसायचे. मी आयुष्यभर शाळेची बस चालवली, पण एकदाही बसखाली शिरलो नाही, हे लोक काही केल्या विसरत नाहीत.

शोनाग माझी शेजारीण. सत्तरीची आहे, लग्न केलं नाही. घरात ती आणि थोरला भाऊ युअन, दोघंच. खुब्याचं हाड मोडल्यापासून युअन खिडकीतल्या खुर्चीत बसून असतो, हातात दुर्बीण घेऊन. मेंढ्यांचं सगळं शोनागकडे. मेंढ्या मागच्या दलदलीच्या माळावर, आणि तिथवर जाईल अशी एकच वस्तू घरात आहे, ती म्हणजे ही चारही चाकांना जोर असलेली बुटकी, चौकोनी, म्हातारी जीप. चिखल लागला की खाली उतरायचं, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या टोप्या हाताने फिरवायच्या, मग पुढची चाकं ओढायला लागतात. पावसात हे काम नेहमी माझ्याकडे. शेजारच्या सीटवर बसण्याचं भाडंच समजा.

या बाईचं मला कौतुक वाटतं आणि रागही येतो. गाडीचं काही दुखलंखुपलं की तिला आधी आनंद होतो. जरा वेग घेतला की स्टिअरिंग थडथडायचं. दुसरा कुणी घाबरला असता. ही चाकं जॅकवर उचलून तासन्‌तास हलवत बसली आणि झिजलेली बेअरिंगं स्वतः बदलली. स्प्रिंगच्या पाट्यांचे रबरी बुश गेले, ते अंगणात ठोकून बसवले. पायाखालचा पत्रा गंजून भोक पडलं, तर म्हणे, "बरं झालं टॉरमड, आता कुठला खड्डा चुकवला ते दिसतं." आणि ठिगळ मारायच्या आधी चांगले आठ दिवस त्या भोकातून खाली बघत हिंडली.

आमच्या बेटावर खारा वारा लोखंड खाऊन टाकतो. म्हणून दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर शोनाग लोकर उकळते. वर जी चिकट चरबी येते ती काढते आणि गाडीच्या पोटाला हाताने चोपडते. लोकरीला आता कुणी विचारत नाही, मग तेवढा तरी उपयोग. घरभर ओल्या मेंढीचा वास सुटतो. युअन कुरकुरतो, "गाडीला मालिश. माझा खुबा बसलाय तसाच." पण बरोबरीच्या गाड्या भंगारात गेल्या आणि हिची चासी अजून ठणठणीत आहे, हेही खरं.

तर या हिवाळ्यात ते थांबणं सुरू झालं. घरून गाडी झकास निघायची. चांगली अर्धी वाट चढली की गुदमरायची, दोन आचके द्यायची आणि बंद. मग शोनाग थर्मासमधला चहा पिणार, स्वस्थ बसणार, आणि थोड्या वेळाने किल्ली फिरवली की गाडी सुरू, जसं काही झालंच नाही! शोनागने फिल्टर बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर सोडवून जेवणाच्या टेबलावर मांडला. तरी तेच. एकदा तर गाडी सुरूच होईना, आणि शोनाग धुक्यातून चालत परतली तेव्हा पार अंधारलं होतं. त्या दिवशी युअनने तिला बजावलं, "आणखी एकदा ही गाडी वर थांबली, की मी मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला फोन करणार. कळप माझ्या नावावर आहे."

ही धमकी साधी नव्हती. आमच्या माळाला कुंपण नाही. मेंढ्या तिथे राहतात कारण त्यांच्या आया तिथे राहिल्या, आयांच्या आयाही. नवा कळप आणून सोडला तर दुसऱ्या दिवशी तो कुठच्या कुठे गेलेला असतो. म्हणजे एकदा विकल्या की विकल्या.

शोनाग चढावर नेहमी गाडीशी बोलत जायची. त्या धमकीनंतर ती बोलेनाशी झाली, आणि ते मला आवडलं नाही.

गेल्या शनिवारी आम्ही दोघं वर निघालो. टेकाडाच्या अलीकडे, जिथून आमची घरं दिसतात तिथेच, आचके सुरू झाले. गाडी बंद.

"पेट्रोल संपलं," मी म्हणालो.

"सकाळी कॅनमधून भरलंय."

"सांडलं असेल."

"तुझं डोकं सांडलंय. एका माणसाने एकच गोष्ट किती वेळा म्हणावी?"

"बघ तरी उघडून."

माझं तोंड बंद करायचं म्हणून ती तणतणत उतरली आणि टाकीचं झाकण फिरवलं. आतून 'सूंऽऽ' असा लांबलचक आवाज आला, कुणी कोंडलेला श्वास आत ओढावा तसा. आम्ही दोघांनी आत डोकावलं. टाकी जवळजवळ भरलेली. शोनाग आत बसली, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"बाहेरून हवा आत गेली," ती हळूच म्हणाली. "टॉरमड, हिला हवाच मिळत नव्हती."

पुढच्या क्षणी बाई चिखलात उताणी, गाडीखाली. पेट्रोल जसं संपेल तशी टाकीत हवा यायला एक बारीक नळी असते म्हणे. तिचं तोंड लोकरीच्या चरबीने गच्च बुजलं होतं. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा झिरपायची आणि गाडी पुन्हा चालायची. शोनागने केसातली पिन काढून नळी साफ केली. पिनेवरचा चरबीचा गोळा मला दाखवत ती बाहेर आली.

"मीच गं बाई," ती म्हणाली. "गंजू नये म्हणून चोपडत बसले आणि मीच हिचा गळा दाबला."

घरी पोचलो तर युअन फोनपाशी. दुर्बिणीतून त्याने सगळं पाहिलं होतं आणि व्यापाऱ्याला फोन करूनही झाला होता. व्यापाऱ्याचा ट्रक सोमवारच्या पहिल्या बोटीने येणार होता. मधे रविवार, आणि रविवारी आमच्याकडे धंद्याचा फोन कुणी करत नाही, केला तर कुणी उचलत नाही. व्यापारी तर चर्चमधला कडक माणूस, शनिवारी काळोख पडला की त्याचा रविवार सुरू. म्हणजे ट्रक थांबवायचा तर आत्ताच, काळोख पडायच्या आत.

शोनागने त्याला नळीचं सगळं समजावून सांगितलं. तो ऐकून घेत होता.

"थांबली की नाही?" तो म्हणाला.

"थांबली. पण आता कारण कळलंय ना!"

"तुला कारणाचं पडलंय." त्याने दुर्बीण टेबलावर आदळली. "त्या दिवशी अंधार पडला तेव्हा मी दारात उभा होतो, शोनाग. काठी धरून. मला चार पावलं वर येता येईना. तू तिथे मेलेली असशील असं धरून चाललो होतो मी, आणि तू येऊन मला काय सांगितलंस? कॉइल!"

शोनाग खुर्चीवर बसली. ती म्हणाली, "मग तूही चल बरोबर."

"मी? या खुब्याने?"

"बसायचं तर आहे. दार मात्र धरून बसावं लागेल, मधेच उघडतं."

युअनने तिच्याकडे पाहिलं, चरबीने माखलेल्या तिच्या हातांकडे पाहिलं आणि फोन उचलला. "ट्रक नको पाठवूस," तो व्यापाऱ्याला म्हणाला. "का म्हणजे? बहीण ऐकत नाही."

मंगळवारी शोनागने आणि मी धरून त्याला गाडीत चढवलं. गाडीला सीटं दोनच. आजही ते दोघं वरच गेलेत. धुकं उतरायला लागलंय, आणि मी आपला मघापासून त्यांच्या दारात उभा आहे.